नाव घेताना

नागपुरात नाव विकत घ्यायची आहे असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो. देशाच्या मध्याची खूण म्हणून ओळखला जाणारा झीरो माइलचा दगड ज्या गावात आहे, त्या गावच्या माणसाने पाण्याची धास्ती घ्यायची ती फार तर उन्हाळ्यात नळाला न येणाऱ्या पाण्याची, असा सर्वसाधारण समज असतो. २०२३च्या सप्टेंबरापूर्वी कोणी आमच्याकडे हा विषय काढला असता, तर आम्हीही हसलोच असतो.

आम्ही म्हणजे रामदासपेठेतल्या एका जुन्या तिमजली इमारतीतली सहा बिऱ्हाडे. आमच्यात दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतात, एक पाटबंधाऱ्याच्या कामांवर हयात घालवून निवृत्त झालेले अभियंते आहेत, एकीची पॅथॉलॉजीची लहानशी प्रयोगशाळा आहे. बाकीचे नोकरी, दुकान आणि निवृत्तिवेतन यांवर जगतात. तळमजल्यावर काकू राहतात. वय चौऱ्याऐंशी, खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली, फुप्फुसे अधू. दिवसाचे बरेच तास नाकाला नळी आणि शेजारी प्राणवायूचे यंत्र. या लेखातली सगळी खटपट त्यांच्यासाठी झाली, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. नाहीतर मराठीच्या शिक्षकांना नौकाविहाराची हौस आली, असा वाचकांचा ग्रह व्हायचा.

२२ सप्टेंबर २०२३ला महालक्ष्म्यांचे पूजन होते. विदर्भात ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या जेवणावळीला निम्मे गाव एकमेकांच्या घरी असते. रात्री भांडी आवरून सगळे झोपले. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला तो चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. अंबाझरी तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला, आणि त्या पाण्याला शहरातून जायला जी एक वाट आहे, ती नाग नदी, भिंतींत आवळलेली, तिच्यात ते मावले नाही. अंबाझरी लेआउट, धरमपेठ, शंकरनगर, कॅनॉल रोड, सीताबर्डी असे ते पसरत गेले. पहाटे आमच्या आवारात आले तेव्हा त्याचा आवाज नव्हता. काकूंच्या घरच्या महालक्ष्म्या कमरेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या; नेसवलेल्या शालूंचे काठ पाण्यावर पसरून हलत होते. काकूंना आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, अरुंद जिन्याने दुसऱ्या मजल्यावर नेले. तिथवर सगळे ठीक झाले. पण वीज गेली होती, यंत्र बंद पडले होते, आणि घरात होते ते प्राणवायूचे एक लहान नळकांडे. त्यावरच्या तबकडीतला काटा खाली सरकत होता. खिडकीतून रुग्णालय दिसत होते. आमच्या भागात रुग्णालयांना तोटा नाही. हे तर चालत तीन मिनिटांवर. मध्ये कमरेइतके, आणि मुख्य म्हणजे वाहते, पाणी होते.

सकाळ वर आल्यावर पाणी उतरले आणि काकूंना हलवता आले. त्या वाचल्या. त्या दिवशी शहरात आपत्ती दलांच्या आणि लष्कराच्या बोटी रस्त्यांवरून फिरल्या, अनेकांना त्यांनी घरांतून बाहेर काढले. मूकबधिर मुलांच्या शाळेतली मुलेही त्यांत होती. शहरात काही माणसे दगावलीही. एवढ्या मोठ्या शहरात एका रात्रीत सगळीकडे बोट पोचणार नाही, हे कळण्यासाठी कोणाला दोष देण्याची गरज नव्हती. दिवाळीनंतरच्या सभेत अभियंते एवढेच म्हणाले, "पुन्हा पाणी येईल. तीन मिनिटांचा रस्ता आहे. एक डोंगा पाहू या."

हवा भरायची रबरी बोट का नको, हा प्रश्न सभेत आलाच. ती स्वस्त, घडी घालून माळ्यावर ठेवता येणारी. पण पूर आलेल्या रस्त्यावर पाण्याखाली काय काय असते ते आम्ही पाहिले होते: फाटकांचे भाले, आडव्या पडलेल्या दुचाक्या, फुटलेल्या काचा, तारेचे कुंपण. रबराला तिथे एक ओरखडा पुरे. काकूंनी वरच्या मजल्यावरच राहायला जावे, ही दुसरी सूचना. ती त्यांनी ऐकून घेतली आणि चहा मागवला. म्हणजे विषय संपला. शिवाय अडचण वरखाली करण्याची नव्हतीच, रस्ता ओलांडण्याची होती.

नवी नाव परवडणारी नव्हती. जुन्या दोन सापडल्या, दोन्ही मासेमारीच्या. एक उमरेड रस्त्याच्या बाजूला, तलावाचा ठेका घेतलेल्या एका गृहस्थांकडे: ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, बारा फूट लांब, चार फूट रुंद, सपाट बुडाची. दुसरी कुही तालुक्यात अंभोऱ्याच्या बाजूला, एका वृद्ध ढिवर गृहस्थांकडे: लोखंडी पत्र्याचा डोंगा, पंधरा फूट लांब आणि जेमतेम तीन फूट रुंद. पहिलीची किंमत अडतीस हजार, दुसऱ्याची अकरा. घासाघीस दोन्हीकडे होणार होती.

ॲल्युमिनियमची आधी पाहिली. ठेकेदारांकडे अशा चार नावा होत्या आणि ते त्या बदलून फायबरच्या घेणार होते. माणूस सरळ होता, आम्ही काय करणार हे विचारले, ऐकून हसला नाही, आणि पोराला म्हणाला, "उलटी करून दाखव यांना." नाव उलटी केल्यावर तिचे आयुष्य दिसते. काठावरच्या मुरुमावरून ओढून ओढून बुडाचा पत्रा मधल्या भागात घासून पातळ झाला होता. सांध्यांवर रिव्हेटांच्या रांगा होत्या. त्यांतल्या काहींच्या भोवती काळसर कडे होते. रिव्हेट ढिला झाला की तो पत्र्यात हलतो आणि घासून निघालेली काळी धूळ भोवती साचते, असे अभियंत्यांनी सांगितले. वल्हे टेकवायला कडेला जिथे लोखंडी बोल्ट बसवले होते तिथे पांढरी भुकटी धरली होती. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की झिजते ते ॲल्युमिनियम. हे रसायनशास्त्र आम्ही शाळेत शिकलो असणारच, पण ते कधी कोणाच्या जिवाशी लागून आलेले नव्हते.

मग नाव सुलटी करून, चार विटांवर ठेवून, आत बादल्यांनी पाणी भरले. जुनी नाव पाहण्याची ही खरी कसोटी, आणि किती साधी: तळ्यात सोडून आत पाणी येते का हे शोधत बसण्याऐवजी जमिनीवर आत पाणी भरायचे, जिथून ते बाहेर झिरपेल तिथूनच उद्या आत येणार. बाहेरून कोरडा पत्रा खडूने आखायचा आणि ओल उमटेल तिथे फुली मारायची. अर्ध्या तासात पाच फुल्या झाल्या. चार रिव्हेटांच्या, एक मागच्या कोपऱ्याच्या सांध्याची. "यात काही भ्यायचं नाही," ठेकेदार म्हणाले, "रिव्हेट ठोकून घ्या, सांध्याला आर्गन वेल्डिंग मारा. नागपुरात गल्लोगल्ली होते." गल्लोगल्ली होत नाही, पण होते. वाडीला ॲल्युमिनियमच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९८९पासून आहे, हे ज्या शहरातल्या बहुतेकांना ठाऊक नाही त्या शहरात आर्गनवाला सापडायला आम्हांला दोन दिवस लागले, एवढेच.

अंभोऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे जाताना आम्ही नाव पाहायला चाललो आहोत हे आमच्यातल्या दोघा मराठीवाल्यांच्या लक्षातून निम्मे गेले होते. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतात तो मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू', शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८चा. तो अंभोऱ्याला रचला गेला असे विदर्भातले अनेक अभ्यासक मानतात; आंबेजोगाईकरांचा दावा वेगळा आहे, आणि तो वाद इथे नको. आम्हांला वाटेत मौज वाटली ती दुसरीच. समुद्रापासून इतक्या दूर, नद्यांच्या संगमावर बसून ज्याने लिहिले असे आपण म्हणतो त्याच्या ग्रंथाच्या नावात सिंधू आहे. पुढे शतकानुशतके मराठी कवितेने भवसागर, तारू, नावाडी, पैलतीर हे शब्द इतके वापरले की आमच्या विद्यार्थ्यांना नाव म्हटली की ती पलीकडेच जाणार हे परीक्षेपुरते पाठ असते. या नावेला बूड असते, ती किती रुंद आहे यावर कोण वाचणार ते ठरते, तिच्यातून पाणी उपसायला डबा लागतो, याबद्दल अभ्यासक्रमात काही नाही. संतांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या नावेत चालवणारा भरवशाचा होता.

आणखी एक वाटेतलीच गोष्ट. पूर्वी 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी, असा लेखनात भेद होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही शब्द कागदावर सारखे झाले. 'ते नाव' आणि 'ती नाव' एवढाच फरक राहिला, तोही लिंग चुकणाऱ्याला उपयोगी नाही. इमारतीच्या सूचनाफलकावर "नाव घेण्यासाठी वर्गणी" असे लागले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने कसल्या नावनोंदणीचे पैसे म्हणून विचारले होते. गंमत अशी की ज्यांच्याकडे आम्ही चाललो होतो त्यांच्या बोलीत हा घोटाळा मुळीच नाही. तिथे पाण्यावर चालतो तो डोंगा.

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही बाबाजी म्हणत होतो, ते आम्हांला सगळ्यांनाच मास्तर. अभियंत्यांनाही. त्यांचा डोंगा मासेमारीचा, पण वैनगंगेच्या या काठावरून भंडारा जिल्ह्यातल्या त्या काठावर माणसे, सायकली, शेळ्या आणि प्रसंगी मोटारसायकलही नेण्याचे काम त्याने अनेक वर्षे केले होते. गोसीखुर्द धरणाचे पाणी मागे फुगत आले तशी नदीची रुंदी वाढली. प्रवास लांबला आणि मासळीची तऱ्हा बदलली. या धरणाची पायाभरणी १९८८ सालची. बाबाजी तेव्हा तरणे होते. मग २०२४ साली अंभोऱ्याचा तारांवर तोललेला मोठा पूल वाहतुकीला खुला झाला. वर काचेची गॅलरी आहे, रविवारी नागपूरहून लोक छायाचित्रे काढायला येतात. पुलाबद्दल बाबाजींची काही तक्रार नव्हती. "बायका बारंतपनाले वेरेवर पोचतेत आता," ते म्हणाले. डोंगा विकायचा कारण एक लहान डोंगा मासे धरायला पुरतो. हा मोठा एकट्याने ओढवत नाही, आणि मुले नागपुरात बांधकामावर आहेत.

डोंगा आम्ही विटांवर ठेवू शकलो नाही. सहा जण लागूनही तो हातभर सरकला. बुडाला चार ठिगळे वेल्डिंगची, त्यांवर डांबराचे थर. एका ठिगळावर बाबाजींनी स्वतःच बोट ठेवले: "हे मागच्या सालचं. हे पुन्हा जाईन. बाकीचे नाई जात." विकणारा माणूस दोष असा दाखवतो तेव्हा घेणाऱ्याची मोठी पंचाईत होते. ज्या आवाजात त्यांनी हे सांगितले त्यात उपकाराचा भाव नव्हता; सुतार लाकडातली गाठ दाखवतो तसे ते होते. मग आम्हांला डोंग्यात बसवून त्यांनी पाण्यावर नेले. डोंगा लांब आणि अरुंद असल्याने सरळ छान चालतो. बांबूच्या एका रेट्यात वीस हात. पण आमच्यातल्या एकाने नुसती मान वळवून मागे पाहिले तरी तो डुलत होता. बाबाजी उभे होते आणि त्यांच्या पायांना ते कळतही नव्हते.

परतल्यावर त्यांनी विचारले, "याच्यात बसनार कोन हाये? जवान मानसाले कोनताई डोंगा चालते जी." आम्ही काकूंचे सांगितले. उठून बसता येते का, तोल जातो का, नळी किती लांब असते, झोपवून न्यायचे की बसवून, असे त्यांनी एकेक करून विचारले. आमच्या दोन महिन्यांच्या सभांत हे प्रश्न कोणी याच क्रमाने विचारले नव्हते. आम्ही लांबी, किंमत, वजन आणि गंज यांवर बोलत होतो. सगळे ऐकून ते म्हणाले, "आमच्या डोंग्यात बसता येते. झोपता येत नाई." आणि किंमत मात्र अकरा हजारांच्या खाली आणली नाही.

नागपूरला आल्यावर गच्चीवर जी सभा झाली ती आमच्या इमारतीच्या इतिहासातली सर्वांत लांब. मराठीवाल्यांचा कल उघड होता. अंभोरा, विवेकसिंधू, पूल झाल्याने थांबलेली ये-जा, मुलांचे शहरात जाणे: डोंग्यामागे कथा होती. ठेकेदाराच्या नावेमागे पावती होती. शिवाय अकरा हजारांत काम होत होते. पॅथॉलॉजीवाल्या बाईंनी सरळ विचारले, "तुम्ही डोंग्याला मत देताय की बाबाजींना?" प्रश्न टोचला, कारण तो वाङ्मयीनही होता. एखाद्या कलाकृतीची बाजू तिच्या निर्मात्याच्या हलाखीवरून घ्यायची नाही, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. दुसरी बाजूही कोणी मांडली: अकरा हजार एका गरजवंताकडे गेले तर बिघडले काय? बिघडत काही नाही, फक्त तो व्यवहार नव्हे. ज्या माणसाने ठिगळावर बोट ठेवून दोष दाखवला त्याच्याकडून दया म्हणून वस्तू घेणे म्हणजे त्याचे बोलणे ऐकून न ऐकल्यासारखे करणे. आमच्यापैकी काहींना हा युक्तिवाद अजूनही पटलेला नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे लिहिणाऱ्यांनाही वाटत नाही.

शेवटी अभियंत्यांनी कागद काढला. बारा फूट गुणिले चार फूट म्हणजे सुमारे साडेचार चौरस मीटर. टोकांचा निमुळतेपणा वजा करून चार धरा. एक सेंटिमीटर बुडायला चाळीस लिटर पाणी हटवावे लागते, म्हणजे दर चाळीस किलोंना नाव एक सेंटिमीटर खाली जाते. काकू, दोन धरणारे, एक चालवणारा, नळकांडे: अडीचशे किलो, सहा-सात सेंटिमीटर. भार दोन्ही नावा सहज पेलतात. प्रश्न भाराचा नाहीच, कलण्याचा आहे. कलण्याला विरोध करण्याची ताकद रुंदीच्या घनाने वाढते. तीन फुटांचे चार फूट झाले की ती तेवढ्याच लांबीच्या नावेत सव्वादोनपटीहून अधिक होते. डोंगा तीन फूट लांब आहे खरा, पण लांबी सरळ प्रमाणात मोजली जाते, रुंदी तीनदा गुणली जाते. हे सांगून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि जुलै २०१७ची आठवण दिली. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटून आठ जण बुडाले होते. आणि त्याच जानेवारीत, २०२४च्या, गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांचा डोंगा वैनगंगेत उलटला होता. सहा जणी गेल्या. त्या बायकांना दोन नावांतून एक निवडायची नव्हती. मजुरी पलीकडच्या काठावर होती आणि डोंगा एकच होता. गच्चीवर यानंतर कोणी कथेबद्दल बोलले नाही.

नाव ॲल्युमिनियमची ठरली. चौतीस हजारांत आली. लेखापरीक्षकाने ती कोणत्या शीर्षाखाली दाखवायची असे विचारले तेव्हा बरीच चर्चा होऊन 'अग्निशमन साहित्य' या शीर्षाखाली ती गेली. सोसायटीच्या हिशेबात आग आहे, पाणी नाही.

राहिला प्रश्न चालवणार कोण. पाण्यावरचे एकही काम आमच्यापैकी कोणाला येत नव्हते. आम्ही बाबाजींना फोन केला. डोंगा घेतला नाही म्हणून अवघडून, आडवळणाने, शिकवायला याल का असे विचारले. त्यांनी अवघडल्याचे ओळखलेच नाही किंवा तसे दाखवले. दोन दिवसांचा रोज त्यांनी सांगितला. तो गवंड्याच्या रोजापेक्षा जास्त होता, आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. बरे वाटले.

ते आले ते आधी नावेभोवती एक फेरी मारून. खिशातले नाणे काढून त्यांनी पत्र्यावर टकटक करत कान लावला. मध्ये घासून पातळ झालेल्या भागात आवाज बदलत होता, तो आम्हांलाही ऐकू आला, पण त्यांनी सांगितल्यावर. तिथे आतून लाकडी फळ्यांची चौकट टाकून घ्या, म्हणजे पाय पत्र्यावर पडणार नाही, आणि तुमच्या आईचे अंथरूणही ओले होणार नाही, असे ते म्हणाले. काकू आमच्यातल्या कोणाच्याच आई नव्हेत, हे आम्ही सांगितले नाही. पांढरी भुकटी धरलेले बोल्ट काढून टाकायला त्यांनी हट्टच धरला. वल्हे नको, बांबू हवा. रस्त्यावरच्या पाण्याला तळ असतो, आणि तळ असला की रेटा देणारा बांबूच खरा. प्रवाहाच्या आडवे जायचे असेल तर नाव वरच्या अंगाला तिरकी धरायची. आणि गटारांची झाकणे कुठे कुठे उघडतात त्याचा नकाशा पावसाळ्याआधी काढून ठेवायचा, कारण तिथे पाणी खाली ओढते. हे शेवटचे त्यांना कोणी सांगितले होते? "धरनाच्या दारापाशी असंच असते," ते म्हणाले.

सराव आम्ही ठेकेदारांच्याच तलावावर केला. ते हसत काठावर बसले होते. बाबाजींनी त्यांना मासळीचा भाव विचारला, त्यांनी बाबाजींना गोसीखुर्दच्या पाण्याबद्दल विचारले. तिथे वास येतो, पाणी काळे येते, असे बाबाजी म्हणाले. आम्ही गप्प राहिलो. नाग नदी शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला. काकूंच्या महालक्ष्म्यांचे काठ ज्या पाण्यात भिजले ते पाणी पुढे काही दिवसांनी यांच्या डोंग्याखालून गेले असणार. ते रोजच जाते. पूर लागत नाही त्याला.

मोठ्या डोंग्याला गिऱ्हाईक मिळाले का, असे निघताना विचारले. नाही मिळाले. भंगारवाला किलोवर मागतो. "पानी पडू द्या," ते म्हणाले, "पान्यात डोंग्याले भाव येते."

नाव आता वाहनतळात दोन लोखंडी घोड्यांवर पालथी असते. चोरांना ॲल्युमिनियमचा भाव ठाऊक असतो म्हणून तिला साखळी आहे आणि किल्ली तीन घरांत आहे. फळ्यांची चौकट झाली, रिव्हेट ठोकले गेले, पुन्हा पाणी भरून पाहिले. एक फुली अजून ओलावते. मे महिन्याच्या एका संध्याकाळी, कोरड्या फरशीवर, काकूंना नावेत नेऊन ठेवण्याची तालीम केली. खुर्चीतून गादीवर, गादीसकट आत, नळकांडे पायांशी, एक जण डोक्याशी. पहिल्यांदा साडेसहा मिनिटे लागली, तिसऱ्यांदा अडीच. सगळी इमारत गोळा झाली होती. नव्या सुनेने उगाच थट्टा केली, "काकू, आता नाव घ्या!" काका जाऊन अठरा वर्षे झाली, आम्ही जरा दचकलो. काकूंनी नळी सरळ केली आणि म्हणाल्या, "चौतीस हजारांना घेतलीत ना? मग अजून काय घेऊ?" मग त्यांनी कडेवर हात टेकून पाहिला, आणि पत्रा गार लागतो, पाठीशी एक सतरंजी टाका म्हणाल्या.